सॅमचा आवाज आणि सॅमचा अंधार

आमच्या घरी ‘स्प्लिंटर सेल’ हा व्हिडिओ गेम दिवा मालवूनच खेळला जाई. पुतण्या आणि मी, दोघेही श्वास रोखून. २००२ साली आलेल्या या खेळाचा नायक सॅम फिशर हा अमेरिकी गुप्तहेर. चष्म्यावरचे तीन हिरवे दिवे आणि मायकेल आयर्नसाइड या नटाचा घोगरा आवाज ही त्याची ओळख. पण खेळाची खरी गंमत गोळीबारात नव्हतीच. बल्ब फोडायचा, अंधारात दबून बसायचे आणि पहारेकरी पाठमोरा होईपर्यंत थांबायचे. घाई केली की संपलेच!

२०१० मध्ये ‘कन्व्हिक्शन’ आला. सॅम तोच, आवाजही तोच. पण आता शत्रूंवर आधी खूण करून ठेवायची आणि एका बटणासरशी त्यांना आडवे करायचे. मेलेल्याला ओढून लपवायची सोयही काढून टाकलेली. पुतण्या खूश. ‘काका, आता कंटाळा नाही!’ मला मात्र कुणीतरी घरात शिरून सगळे दिवे लावल्यासारखे वाटले.

२०१३ च्या ‘ब्लॅकलिस्ट’मध्ये उलटे घडले. आयर्नसाइड गेले, एरिक जॉन्सन हा तरुण नट आला. चाहत्यांनी गहजब केला. कुरकुरणाऱ्यांत मीही होतो. पण इथे कुणालाही न दिसता निसटणाऱ्याला पुन्हा भरघोस गुण होते. तीन-चार रात्रींत नवा आवाज खटकेनासा झाला. सॅमचा घसा बदलला तरी चालते, त्याचा अंधार हिरावलेला चालत नाही, हे मला तेव्हा कळले.

जपानच्या हिदेओ कोजिमा यांनी तर २००१ च्या ‘मेटल गिअर सॉलिड २’मध्ये जाहिरातींत लाडका स्नेक दाखवला आणि बराचसा खेळ रायडन नावाच्या नवख्या पोराच्या हाती दिला. लोक संतापले. फसवणूक होतीच ती! पण लपण्याची कला त्यात आणखी बारकाईने आली होती, म्हणून तो खेळ आजही नावाजला जातो.

कंपन्यांचीही अडचण आहे. थांबणे विकायला अवघड; नवा गिऱ्हाईक दहा मिनिटांत कंटाळतो. ‘हिटमॅन’वाल्यांनी २०१२ मध्ये वाट अरुंद करून पाहिली आणि २०१६ मध्ये ते पुन्हा मोकळ्या, प्रशस्त जागांकडे वळले.

२०२५ मध्ये सॅमची ॲनिमेशन मालिका आली. आवाज लिएव्ह श्रायबरचा. पुतण्या आता नोकरीनिमित्त परगावी असतो. त्याचा फोन आला, ‘काका, आवाज कसा वाटला?’

‘आवाज ठीक आहे रे,’ मी म्हटले, ‘पण आपल्याला कुठे थांबावे लागते त्यात?’