लाटेवर स्वार झालेला इलेक्ट्रॉन

पनवेलच्या खाडींत मचवा वेगानें निघाला म्हणजे त्याच्यामागें लाटा उठतात. मागून येणारी लहान होडी अशा लाटेच्या उतारावर नेमकी सांपडली, तर वल्हें न मारतांही ती पुढें ढकलली जाते. हें ज्यांनीं पाहिलें आहे, त्यांस आजचा विषय अर्धाअधिक समजलाच, असें आम्ही मानतों.

पनवेल तालुक्यांतच, खारघर येथें, भाभा अणुसंशोधन केंद्राचें इलेक्ट्रॉन-शलाका केंद्र आहे. तेथील एक यंत्र इलेक्ट्रॉनांस १ कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा देतें. अशा यंत्रांत धातूच्या पोकळ्यांतून विद्युत्क्षेत्राचे धक्के देत कण पुढें नेतात. परंतु क्षेत्र फार वाढविलें कीं ठिणग्या उडूं लागतात. म्हणून ऊर्जा अधिक हवी, तर यंत्रच लांब करावें लागतें.

यावर १९७९ सालीं ताजिमा व डॉसन यांनीं तोड सुचविली. वायूच्या अणूंतून इलेक्ट्रॉन सुटे झाले म्हणजे त्या अवस्थेस प्लाझ्मा म्हणतात. तींत लेसर-प्रकाशाचा तीव्र व क्षणिक झोत सोडला, तर तो मचव्याप्रमाणें इलेक्ट्रॉनांस बाजूस सारतो. मागें विद्युत्क्षेत्राची लाट उठते आणि तिच्या उतारावर सांपडलेले इलेक्ट्रॉन वेगानें पुढें जातात. ज्याचे अणु आधींच फुटले आहेत, त्यास ठिणगीचें भय तें कसलें? येथें क्षेत्र धातूच्या यंत्राच्या हजारपटही होऊं शकतें.

ही कल्पना प्रत्यक्षांत उतरविणाऱ्यांत वाई येथें जन्मलेले चंद्रशेखर जोशी अग्रगण्य आहेत, हें सांगतांना आम्हांस अभिमान वाटतो. लॉस एंजेलिस येथील विद्यापीठांत त्यांच्या गटानें १९९३ सालीं किंचित् भिन्न तरंगलांबीचे दोन लेसर-झोत एकत्र सोडून अशी लाट उठविली, आणि सुमारें २० लाख इलेक्ट्रॉन-व्होल्टचे इलेक्ट्रॉन एका सेंटिमीटरच्या आंत ९० लाखांवर नेले. २००६ सालीं त्यांस मॅक्सवेल पारितोषिक मिळालें. तीव्र व क्षणिक झोत निर्माण करण्याची युक्ति मुरू व डोना स्ट्रिकलंड या विदुषी यांनीं १९८५ सालीं शोधिली. तिजबद्दल २०१८ चें नोबेल पारितोषिक त्यांस विभागून मिळालें. २०१९ सालीं बर्कले येथें अवघ्या २० सेंटिमीटरांत ७८० कोटी इलेक्ट्रॉन-व्होल्ट साधले.

याचा आपल्या घराशीं संबंध काय? खारघरलाच टाटा स्मारक केंद्राच्या संस्थेंत कर्करोगावर किरणोपचार होतात. रुग्णालयांतील नेहमींचे इलेक्ट्रॉन शरीरांत कांहीं सेंटिमीटरच शिरतात. म्हणून खोल गाठीसाठीं त्यांपासून क्ष-किरण निर्माण करून वापरतात. १० ते २५ कोटींचे इलेक्ट्रॉन मात्र स्वतःच खोलवर पोंचूं शकतील, आणि प्लाझ्माच्या मार्गानें त्यांचें यंत्र आटोपशीर होईल, अशी संशोधकांची उमेद आहे.

तथापि ही उमेद आहे, उपचार नव्हे. एक झोत जसा, तसाच पुढचा. आज जसा, तसाच उद्यां, हें साधल्यावांचून रुग्णाच्या अंगावर तो सोडतां येत नाहीं. कुटुंबांत वडीलधारी मंडळी आजारी असतां ‘नवें यंत्र येणार आहे, थोडें थांबूं’ असा सल्ला देणारे हितचिंतक पुष्कळ भेटतात. त्यांस आमचें नम्र सांगणें इतकेंच, कीं उद्यांच्या मचव्याची वाट पाहतां पाहतां आजची भरती दवडूं नये.