गुणपत्रिकेबाहेरचा तास

कोरियात इंग्रजी शिकवायला गेलेल्यांची गाऱ्हाणी थक्क करतील इतकी एकसारखी असतात. तास रद्द झाल्याचे शिक्षकाला रिकाम्या वर्गाच्या दारात पोहोचल्यावर कळते. सहशिक्षक मागच्या बाकावर वह्या तपासत बसतो. जानेवारीत मुले सुटीवर, पण करारातले तास भरायचे म्हणून हा माणूस ओव्हरकोट घालून ओस पडलेल्या शिक्षककक्षात संगणकासमोर दिवस काढतो. तिथल्या परदेशी शिक्षकांनी या प्रकाराला ‘डेस्क वॉर्मिंग’, म्हणजे टेबल उबदार ठेवणे, असे नावच पाडले आहे. या साऱ्याचे खापर संस्कृतिभेदावर फोडून मोकळे होण्याचा रिवाज आहे. आमच्या मते दुखणे परीक्षेत आहे.

नोव्हेंबरमधली ‘सुनुंग’ ही विद्यापीठ प्रवेशपरीक्षा पाहा. इंग्रजीचे 45 प्रश्न, 70 मिनिटे. त्यांतले 17 प्रश्न श्रवणाचे, उरलेले वाचनाचे. श्रवणाच्या वेळी देशभरातली विमानांची उड्डाणे आणि उतरणे थांबवतात, इतके त्या ऐकण्याला मोल. बोलण्याला मात्र एकही गुण नाही. आणि सरकारने 1995 पासून ‘एपिक’ योजनेखाली परदेशी शिक्षक आणले, त्यांच्याकडून मुख्य अपेक्षा बोलते करण्याचीच! मग परीक्षा जवळ आली की कोणाचा तास उसना घेतला जाणार? गणिताचा तर कोणी मागणार नाही. नोव्हेंबर 2017 च्या परीक्षेपासून इंग्रजीत 90 किंवा अधिक गुण मिळवणाऱ्या प्रत्येकाला पहिली श्रेणी मिळू लागली, स्पर्धेची धार थोडी बोथटली. पण बोलण्याच्या खात्यावर तेव्हाही काही जमा झाले नाही.

बोलायला शिकवण्याचे काम किती चिवट आहे ते ‘स्ट्राइक’ या एका शब्दात दिसते. कोरियन अक्षराच्या सुरुवातीला जोडव्यंजन चालत नाही, त्यामुळे इंग्रजीत एका झटक्यात उच्चारायचा हा शब्द तिथल्या मुलाच्या तोंडी पाच तुकड्यांचा होतो : स-त-रा-इ-क, आणि व्यंजनांमागे ओठ न गोलावता उच्चारलेला, आपल्या उकाराच्या जवळचा एक स्वर. आपल्याकडे ‘इस्टॉप’ ऐकत वर्ग चालवणाऱ्यांना हे नवे नाही. ती सवय मोडायला एकेका मुलाच्या तोंडाशी बसावे लागते, आणि ज्याचा तास आठवड्यातून एकदा, तोही रद्द होण्याजोगा, त्याने ते कधी करावे?

यावर म्हटले जाते, की तिथे न सांगता समजून घेण्याला, ‘नुन्ची’ला, महत्त्व असते, परक्याने ती शिकावी. शिकावीच. पण नुन्चीमुळे फार तर निरोप का आला नाही ते कळेल. तास रद्द करण्याजोगा का ठरला, ते नाही. दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे : जाणारे अनेकजण मुळात शिक्षकच नसतात. ई-2 व्हिसासाठी सात इंग्रजीभाषक देशांपैकी एकाचे नागरिकत्व आणि कोणत्याही विषयाची पदवी लागते, हे खरे. मात्र ही अट घालणाऱ्याने आवाज मागितला आहे. अध्यापन मिळाले नाही म्हणून त्याने रागावू नये. कोरियाचा भारताशी झालेला सेपा हा आर्थिक भागीदारीचा करार 1 जानेवारी 2010 पासून अमलात आला. त्यानुसार आपल्या माणसाकडे इंग्रजी शिकवण्याची अर्हता हवी, आणि पद मात्र सहायक शिक्षकाचे. ज्याला शिकवता येते तोच दुय्यम!

‘हाग्वॉन’ या खासगी शिकवण्यांत तरी बोलण्याला किंमत आहे ना, असे कोणी विचारील. आहे, कारण तिथे पालक त्यासाठी पैसे मोजतात. पण व्हिसा मालकाशी बांधलेला आणि वर्ष पूर्ण झाले की महिन्याच्या पगाराएवढी निवृत्तिभरपाई देय. म्हणून अकराव्या महिन्यात कामावरून काढल्याच्या तक्रारी जुन्या आहेत. आमच्या वाचकांपैकी जे अर्ज करणार असतील त्यांनी मुलाखतीत पगाराच्या आधी एवढे विचारावे : माझ्या तासाचे गुण कुठे नोंदले जातात, आणि सहामाहीच्या आदल्या आठवड्यात तो तास कोणाकडे जातो?