करार सैतानाशी नव्हता

रॉबर्ट जॉन्सन या कृष्णवर्णीय अमेरिकन गायक-गिटारवादकाचे नाव निघाले की एक कथा हमखास सांगितली जाते. मिसिसिपी राज्यातील एका चौरस्त्यावर मध्यरात्री त्याने सैतानाला आत्मा विकला आणि बदल्यात अलौकिक वादनकला मिळवली, अशी ती कथा. ब्लूज संगीताचे पुरोगामी चाहतेही ती कौतुकाने सांगतात. परंतु ही कथा निरुपद्रवी नाही. श्रमिकाच्या कौशल्याचे श्रेय एकदा आसुरी शक्तीला दिले की त्या श्रमाचा हिशेब मागण्याचे कारणच उरत नाही.

म्हणून आधी हिशेब मांडू. रॉबर्टचा जन्म १९११ च्या सुमारास हेझलहर्स्ट येथे झाला. त्याच्या आईचे पती चार्ल्स डॉड्स यांना गोऱ्या जमीनदारांशी तंटा झाल्यामुळे, जमावाच्या हातून मरण नको म्हणून, त्यापूर्वीच गाव सोडून पळावे लागले होते. रॉबर्टचे बालपण काही काळ मेम्फिस शहरात आणि पुढे कापसाच्या मळ्यावर गेले. जमीन, खेचर, बियाणे मालकाचे. निम्मे पीक मालकाचे. वाणसामान मालकाच्याच दुकानातून उधारीवर आणि खातेवहीही मालकाच्याच हाती, अशी तेथील बटाईची रीत होती. या जोखडाला मान देण्याचे रॉबर्टने नाकारले. गिटार ही त्याच्या सुटकेची वाट होती.

आता कौशल्याविषयी. सन हाउस या ज्येष्ठ वादकाला या पोराचे वादन असह्य वाटे. पुढे काही काळ तो दिसेनासा झाला आणि परतला तो सर्वांना थक्क करणारा वादक होऊन. या मधल्या काळात लोक सैतान आणून बसवतात. वास्तविक तेव्हा तो हेझलहर्स्टच्या परिसरात आइक झिमरमन या वादकाकडे शिकत होता, आणि कोणाला त्रास नको म्हणून दोघे रात्री दफनभूमीत बसून रियाज करीत. ग्रामोफोनच्या तबकड्या ऐकून त्याने इतरांची शैली आत्मसात केली. पियानोच्या डाव्या हाताची चाल अंगठ्याने गिटारच्या खर्जाच्या तारांवर आणली. सैतानाची कथा तर त्याच्याआधी टॉमी जॉन्सन या दुसऱ्याच वादकाविषयी सांगितली जात होती!

खरा व्यवहार निराळाच होता. नोव्हेंबर १९३६ मध्ये सॅन अँटोनिओ आणि जून १९३७ मध्ये डॅलस येथे त्याची २९ गाणी मुद्रित झाली. मोबदला ठोक, विक्रीत वाटा नाही. १६ ऑगस्ट १९३८ रोजी ग्रीनवुडजवळ तो मरण पावला. मृत्यूच्या दाखल्यावर कारणाच्या जागी 'डॉक्टर नव्हता' एवढीच नोंद आहे, आणि मागील बाजूस आहे ते जागेच्या गोऱ्या मालकाचे मत! पुढे १९६१ साली त्याच्या गाण्यांची तबकडी निघाली, तिच्यावर एरिक क्लॅप्टनसारख्या ब्रिटिश वादकांची पिढी पोसली. १९६९ साली 'रोलिंग स्टोन्स'ने त्याचे गाणे गायले, तेव्हा श्रेयनामावलीत त्याचे नाव नव्हते. १९९० चा समग्र संच दहा लाखांहून अधिक खपला. खडीचा ट्रक चालवणाऱ्या त्याच्या मुलाला न्यायालयाने वारस ठरवले ते १९९८ साली, बापाच्या मृत्यूला साठ वर्षे झाल्यावर.

डाव्या मंडळींनीही येथे आत्मपरीक्षण करावे. डिसेंबर १९३८ मध्ये न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये जॉन हॅमंड यांनी कृष्णवर्णीय संगीताची मैफल भरवली. 'न्यू मासेस' या डाव्या साप्ताहिकाने तिला पाठबळ दिले, ही अभिमानाची गोष्ट होय. रॉबर्ट हयात नव्हता. त्याच्या तबकड्या वाजवल्या गेल्या आणि त्याच्या जागी बिग बिल ब्रून्झी गायले. शिकागोत अनेक वर्षे व्यावसायिक म्हणून वावरलेल्या या कलावंताला आर्कान्सातून नुकताच आलेला शेतगडी म्हणून पेश करण्यात आले. सैतानाचा शिष्य काय किंवा मातीचे निरागस लेकरू काय, दोन्ही प्रतिमांत कारागिराची कारागिरी नाकारलेलीच आहे.

रॉबर्ट जॉन्सनचे गाणे अवश्य ऐकावे. मात्र चौरस्त्यावर त्या रात्री कोण भेटले, हा प्रश्न आता पुरे झाला. पैसे कोणी मोजले, किती मोजले आणि विक्री कोणाच्या खिशात गेली, हे प्रश्न विचारण्याची वेळ केव्हाच आली आहे.