दोरी नको, गाडी हवी!

पावसाळा लागला की रुळांवर रात्रीची गस्त घालणारा पेट्रोलमन, खडीत काम करणारा गँगमन आणि बांधावरून टपाल नेणारा ग्रामीण डाक सेवक यांच्या वाट्याला सापाचे भय येते. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात देशात सर्पदंशाने सुमारे १२ लाख माणसे दगावली. म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार!

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे या चारही सापांच्या विषावर चालणारी एकच लस आपल्या देशात तयार होते. औषध असून माणूस मरतो, तो बहुधा वेळ वाया गेल्यामुळे. म्हणून प्रत्येक कामगाराने पुढील गोष्टी पक्क्या ध्यानात ठेवाव्यात.

दंश झालेल्याला धीर द्या, चालू देऊ नका. मोडलेल्या हाडाला बांधतात तशी फळी किंवा काठी लावून हात-पाय स्थिर ठेवा. अंगठी, कडे, घड्याळ, बूट काढा. दंशाची वेळ लक्षात ठेवून थेट सरकारी रुग्णालय गाठा. १०८ ला फोन करा. आवळून दोरी बांधू नका, ब्लेडने चीर देऊ नका, तोंडाने विष ओढू नका. एकेकाळी प्रथमोपचाराच्या वर्गांतूनही हे शिकवले जाई. आज ते घातक ठरले आहे. घोणस चावलेल्या पायाला दोरी आवळली तर जीव वाचूनही पाय जाऊ शकतो. साप मारण्यात वा पकडण्यात वेळ घालवू नका. मांत्रिकाकडे तर मुळीच नको. मण्यारीच्या दंशाची खूण अनेकदा दिसतही नाही. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाचे पहाटे पोट दुखू लागले, पापण्या मिटू लागल्या तर क्षणही दवडू नका.

परंतु दोन स्टेशनांच्या मधोमध, अंधारात, गँगमनने रुग्णालय गाठायचे कसे? इथे कामगाराची दक्षता संपते आणि प्रशासनाची जबाबदारी सुरू होते. आमच्या मागण्या साध्या आहेत. गस्तीवरच्या प्रत्येकाला गमबूट आणि चांगली बॅटरी मिळावी. गेट व गँगच्या खोल्यांत खाटा आणि मच्छरदाण्या असाव्यात. कोणत्या रुग्णालयात लस उपलब्ध आहे, याचा फलक प्रत्येक स्टेशनात व टपाल कार्यालयात लागावा. दंश झालेल्या माणसाला मिळेल त्या गाडीने हलवण्याचा स्पष्ट लेखी आदेश प्रत्येक विभागाने काढावा. डाक सेवकालाही हेच संरक्षण मिळावे.

केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत सर्पदंशाचे मृत्यू निम्म्यावर आणण्याचे उद्दिष्ट ठेवले आहे. ते कागदावर राहता कामा नये. प्रत्येक शाखेने पावसाळ्यापूर्वी हा विषय सभेत घ्यावा, ठराव करावा आणि प्रशासनाकडून लेखी उत्तर घ्यावे. कामगाराचा जीव नशिबावर सोडणे आम्हाला मान्य नाही!