रक्तातील शिल्लक

काही आजारांना समाजात प्रतिष्ठा असते. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या माणसाला लग्नघरात आधी खुर्ची मिळते. मधुमेही पाहुण्यासाठी यजमानीण बिनसाखरेचा चहा वेगळा काढते. पण ‘मला हायपोपॅराथायरॉइडिझम आहे’ असे कोणी सांगितले, तर समोरचा ‘म्हणजे थायरॉइडच ना?’ असे म्हणून विषय बदलतो. गेली सोळा वर्षे हा प्रश्न मी माझ्या पत्नीच्या शेजारी बसून ऐकतो आहे.

थायरॉइड नव्हे. थायरॉइडच्या, म्हणजे अवटू ग्रंथीच्या, पाठीशी बहुधा चार परावटू ग्रंथी असतात, प्रत्येकी तांदळाच्या दाण्याएवढी. लंडनच्या प्राणिसंग्रहालयात १८४९ मध्ये मेलेल्या एका भारतीय गेंड्याचे विच्छेदन करताना रिचर्ड ओवेन यांना ती प्रथम आढळली. माणसातील या ग्रंथींचे रीतसर वर्णन स्वीडनच्या इव्हार सँडस्ट्रॉम यांनी १८८० मध्ये प्रसिद्ध केले. त्यांचे काम मात्र कळले नव्हते. त्या काळी युरोपात गलगंडाच्या शस्त्रक्रियेनंतर काही रोग्यांचे हात आखडत, झटके येत, काही दगावत. परावटू काढलेल्या कुत्र्यांचे असेच झटके कॅल्शियम दिल्यावर थांबतात, हे अमेरिकेत मॅकॅलम आणि व्होग्टलिन यांनी १९०९ च्या सुमारास दाखवून दिले.

उभा जन्म बँकेत गेल्यामुळे मला हा आजार हिशेबाच्या भाषेतच समजला. शरीरात सुमारे किलोभर कॅल्शियम असते. त्यातील ९९ टक्के हाडांत, म्हणजे मुदत ठेवीत. रक्तात फिरते ती रोकड. शंभर मिलिलिटरमागे साधारण साडेआठ ते साडेदहा मिलिग्रॅम. पण नसा आणि स्नायूंचा सारा व्यवहार या रोकडीवर चालतो. ती कमी पडली की परावटूचे संप्रेरक ठेवीतून उचल करते, मूत्रपिंडाला गळती रोखायला लावते आणि ‘ड’ जीवनसत्त्व कार्यक्षम करून अन्नातून नवी भर घालते. हा रोखपालच नाहीसा झाला, तर तिजोरी भरलेली असूनही खिडकीवर पैसे नाहीत.

मोठ्या वयात हा आजार बहुतेक वेळा गळ्याच्या शस्त्रक्रियेनंतर होतो. पत्नीची थायरॉइडची शस्त्रक्रिया झाली, त्याच्या तिसऱ्या दिवशी तिच्या ओठांभोवती मुंग्या आल्या, बोटे एकत्र आखडली. ‘टेन्शन घेऊ नका’ असे तिला सांगण्यात आले. रक्त तपासायला आणखी एक रात्र गेली. ती रात्र आम्ही दोघांनी कशी काढली ते आम्हालाच ठाऊक.

तरीही तिचे निदान झाले. ज्यांच्या गळ्यावर शस्त्रक्रियेची खूणच नाही, त्यांचे काय? काहींना हा आजार जन्मजात दोषामुळे होतो, काहींना शरीराच्या प्रतिकारशक्तीनेच ग्रंथींवर हल्ला केल्याने. शाळकरी पोराला आकडी येते, तेव्हा कोणी कांदा हुंगवतो, कोणी देवऋषीकडे नेतो. डॉक्टरकडे गेले तरी अपस्माराच्या गोळ्या सुरू होऊन वर्षे निघून जातात, आणि त्यांतल्या काही गोळ्या ‘ड’ जीवनसत्त्वाची आणखी नासाडी करतात. पुढे तरुण वयात मोतीबिंदू होतो, मेंदूच्या स्कॅनमध्ये कॅल्शियमचे साठे दिसतात. तरण्या सुनेचे हात आखडले, तर तिला ‘नाटकी’ ठरवायला कोणत्याही तपासणीची गरज वाटत नाही.

यावरचा नित्याचा उपचार म्हणजे कॅल्शियम आणि कॅल्सिट्रिऑल. गोळ्यांनी भर पडते, पण मूत्रपिंडाची गळती थांबत नाही. म्हणून रक्तातील पातळी मुद्दाम खालच्या मर्यादेजवळ ठेवावी लागते. जास्त झाले तर मुतखडा, मूत्रपिंडाला इजा. कमी झाले तर पुन्हा मुंग्या. थायरॉइडची गोळी पहाटे उपाशीपोटी आणि कॅल्शियम तिच्यानंतर चार तासांनी, असे आमच्या घरचे घड्याळ आहे. जुलाब-उलट्या झाल्या की हिशेब कोसळतो. ‘दूध पीत जा’ हा सल्ला तर प्रत्येकजण देतो. या आजारात रक्तातील फॉस्फरस आधीच वाढलेला असतो आणि दुधातही तो भरपूर असतो, हे कोणाकोणाला समजावणार?

मधुमेहींना इन्शुलिन १९२२ पासून मिळू लागले. परावटूचे संपूर्ण संप्रेरक औषध म्हणून अमेरिकेत मान्य व्हायला २०१५ उजाडले. २०१९ मध्ये ते तेथे परत मागवावे लागले. त्यानंतरच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनला युरोपने २०२३ मध्ये आणि अमेरिकेने २०२४ मध्ये मान्यता दिली. आपल्याकडच्या सामान्य घरांचा भार मात्र गोळ्यांवरच आहे.

नव्या औषधाची वाट पाहावी लागेल. पण रक्तातील कॅल्शियमची तपासणी तालुक्याच्या प्रयोगशाळेतही होते. आकडीच्या प्रत्येक नव्या रोग्याचे कॅल्शियम आणि मॅग्नेशियम एकदा पाहावे. थायरॉइडच्या शस्त्रक्रियेनंतर घरी जाणाऱ्याच्या हाती मुंग्यांची सूचना देणारा मराठी कागद असावा. आणि घरातले माणूस हात आखडल्याचे सांगते, तेव्हा त्याच्या स्वभावाची चर्चा करण्याआधी त्याचे रक्त तपासावे. रोकड न मोजता खातेदाराला खोटे ठरवण्याची मुभा बँकेतसुद्धा कोणाला नसते.