इंधनाची परीक्षा कोणासमोर?

पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे (ई-२०) धोरण देशभर लागू झाले आहे. गाडीचा ॲव्हरेज पडला, जुन्या स्कूटरची रबरी नळी फुगली, फवारणी पंप चालू होत नाही, अशा तक्रारी गॅरेजांत ऐकू येतात. सरकार म्हणते, चाचण्या झालेल्या आहेत, काळजीचे कारण नाही. यातले खरे काय, हे पडताळण्याचे साधन गाडीमालकाच्या हाती नाही. कॅलिफोर्नियाने ते आपल्या नागरिकांना तीस वर्षांपूर्वी दिले होते.

तेही ठेच लागल्यावर. ऑक्टोबर १९९३ मध्ये त्या राज्यात कमी ॲरोमॅटिक घटकांचे स्वच्छ डिझेल आले आणि काही ट्रक-ट्रॅक्टरांचे डिझेल पंप गळू लागले. वर्षानुवर्षे जुन्या डिझेलमध्ये भिजून फुगलेल्या नायट्राइल रबराच्या ओ-रिंग हे घटक कमी होताच आकसल्या. दुरुस्तीचा भुर्दंड वाहनमालकांवर पडला. हवेसाठी केलेली चांगली गोष्ट लोकांच्या रोषाची धनी झाली.

म्हणून १९९६ मध्ये स्वच्छ पेट्रोल आणताना तिथल्या हवा संसाधन मंडळाने आधी परीक्षा घेतली. या पेट्रोलचा नियम १९९१ मध्येच ठरला होता: गंधक अगदी कमी, बेंझिन जवळजवळ निम्म्यावर, बाष्पदाब कमी आणि ऑक्सिजनयुक्त घटकाची भर. धुरके वाढवणारे वाहनांचे उत्सर्जन त्याने सुमारे १५ टक्क्यांनी घटणार होते. तेल कंपन्या आणि वाहन उत्पादक यांना सल्लागार समितीत एकत्र बसवून ८०० हून अधिक वाहने नव्या पेट्रोलवर रोजच्या कामात चालवली गेली. गवत कापायच्या यंत्रांसारखी लहान इंजिनेही तपासली गेली.

या परीक्षेचा कणा होता तो दुसरा ताफा. नव्या पेट्रोलवरच्या गाड्यांच्या जोडीला तशाच गाड्या नेहमीच्या पेट्रोलवर चालवल्या होत्या. दहा-बारा वर्षांच्या गाडीची नळी कधीतरी फुटतेच. ती इंधनामुळे फुटली की वयामुळे, हे एकटी गाडी सांगू शकत नाही. दोन्ही ताफे शेजारी ठेवल्यावर दिसले, की जुन्या गाड्यांतल्या गळतीचे प्रमाण दोन्हीकडे सारखेच आहे. ॲव्हरेज १ ते ३ टक्के कमी होईल, हेही पेट्रोल पंपावर येण्याआधी लोकांना सांगून टाकले होते. मग बदल शांतपणे पार पडला.

आपल्याकडे चाचण्या झाल्याच नाहीत, असे नाही. पुण्याच्या एआरएआय या वाहन संशोधन संस्थेने त्या केल्या आहेत. नीती आयोगाच्या २०२१ च्या आराखड्यात मायलेज किती घटेल याचे अंदाजही आहेत: मूळ शुद्ध पेट्रोलसाठी बनलेल्या आणि ई-१० साठी (१० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलसाठी) जुळवलेल्या मोटारींत ६ ते ७ टक्के, अशाच दुचाक्यांत ३ ते ४ टक्के. पण पंपावर पेट्रोल भरताना हे गाडीमालकाला कोणी सांगितले? २०२५ च्या ऑगस्टमध्ये ओरड झाल्यावर पेट्रोलियम मंत्रालयाने सांगितले, की काही जुन्या वाहनांत २० ते ३० हजार किलोमीटरनंतर काही रबरी भाग आणि गॅस्केट बदलावे लागू शकतात. खर्च किरकोळ असेलही. हप्त्यावर घेतलेली जुनी मोटरसायकल चालवणाऱ्याला तो आधी कळणे हा त्याचा हक्क होता.

मला सर्वांत जास्त काळजी शेतातल्या यंत्रांची वाटते. नव्या मोटारीत सेन्सर असतो, तो मिश्रण सांभाळून घेतो. फवारणी पंप, ग्रासकटर, पॉवर वीडर यांच्या साध्या कार्ब्युरेटरला ते जमत नाही. इथेनॉलमुळे मिश्रणात इंधनाच्या मानाने हवा जास्त होते आणि इंजिन तापते. शिवाय ही यंत्रे हंगाम संपला की महिनोन् महिने टाकीत उरलेल्या पेट्रोलसह पडवीत पडून राहतात, आणि इथेनॉल हवेतला ओलावा ओढून घेते. कोकणातल्या पावसाळ्यात तर विचारायलाच नको. या यंत्रांच्या चाचणीबद्दल कोणी चकार शब्द बोलत नाही.

कॅलिफोर्नियाच्या परीक्षेतही एक विषय राहून गेला, आणि तो महागात पडला. ऑक्सिजनसाठी मिसळलेले एमटीबीई हे रसायन इंजिनाला निर्धोक ठरले, पण जमिनीखालच्या टाक्यांतून झिरपून ते विहिरींत उतरले. १९९६ मध्ये सांता मोनिका शहराला त्यापायी आपल्या निम्म्या पाण्याचा स्रोत बंद करावा लागला. १९९९ मध्ये राज्यपाल ग्रे डेव्हिस यांनी ते रसायन हद्दपार करण्याचा आदेश काढला. आपल्याकडेही पाण्याचा प्रश्न इंधनाबाहेरचा मानता येणार नाही. उसाच्या साखरेपासून एक लिटर इथेनॉल करायला सुमारे २,८६० लिटर पाणी लागते, असे नीती आयोगाचाच आराखडा सांगतो. इथेनॉलने साखर कारखान्यांना आणि ऊसकऱ्यांना हात दिला आहे, तो काढून घ्या असे कोणी म्हणणार नाही. पण मराठवाड्यातल्या टँकरच्या गावांना हा हिशेब मांडून दाखवावाच लागेल.

एआरएआयने आपले निष्कर्ष मॉडेलनिहाय आणि मराठीतून गाडीमालकापर्यंत पोचवावेत. राहुरी आणि दापोलीच्या कृषी विद्यापीठांनी फवारणी पंप आणि ग्रासकटर घेऊन एक संच ई-२० वर, दुसरा साध्या पेट्रोलवर अशी दोन हंगामांची जोडचाचणी शेतकऱ्यांच्या डोळ्यांदेखत करावी. आणि ते निकाल येईपर्यंत, जुन्या वाहनांसाठी आणि शेतीच्या यंत्रांसाठी प्रत्येक तालुक्यात निदान एका पंपावर ई-१० चा एक नोझल चालू ठेवावा.