सातबारा कुणाच्या नावावर?

टीव्हीवरच्या मालिका बघणारी बाई हा आपल्याकडे चेष्टेचा विषय. पुरुष दिवसभर क्रिकेट बघत बसला तर त्याला खेळात रस आहे असं म्हणतात. बाई अर्धा तास मालिका बघते तेव्हा ती वेळ वाया घालवते. सोशिक सून, कपटी सासू, दागिने घालून स्वयंपाक करणाऱ्या बायका, यांवर स्त्री-चळवळीने भरपूर लिहिलं, आणि ते रास्तच होतं. पण बघणारी बाई बघताना काय करते, कुणाशी बोलते, तिच्या त्या बोलण्यातून काय उभं राहतं, याबद्दल फारच थोडं लिहिलं गेलं.

त्यातून काय उभं राहिलं आणि मग त्याचं काय झालं, हे या लेखात मांडायचं आहे. विषय आहे मालिकांच्या चाहत्यांनी बिनपैशाने चालवलेल्या संकेतस्थळांचा. वाशीम, रिसोड, मानोऱ्याकडे रेशन, रोजगार हमी आणि घरातली मारहाण यांवर काम करणाऱ्या मैत्रिणी म्हणतील, हा आमचा विषय कसा? विषय टीव्हीचा कमी आणि बायकांच्या श्रमांचा जास्त आहे. म्हणून शेवटपर्यंत वाचा, ही विनंती.

सुरुवात पत्रांपासून करू. दूरदर्शनवर जुलै १९८४ मध्ये 'हम लोग' सुरू झाली. प्रत्येक भागाच्या शेवटी अशोककुमार पडद्यावर येऊन प्रेक्षकांशी चार शब्द बोलत. त्यांना आणि दूरदर्शनला लाखो पत्रं आली. लोकांनी बडकीच्या लग्नाबद्दल लिहिलं, दारुड्या बापाबद्दल लिहिलं, आपल्या घरातलंही लिहिलं. पण पत्र लिहिणारी एकटी होती. आपल्यासारखंच दुसऱ्या गावच्या बाईनेही लिहिलंय हे तिला कळायला मार्ग नव्हता. सगळ्या वाटा वरच्या दिशेने जात होत्या, एका बाईकडून दुसरीकडे जाणारी वाट नव्हती.

ती वाट इंटरनेटमुळे झाली. १९९० च्या दशकात अमेरिका-युरोपात चाहत्यांनी आपापल्या आवडत्या मालिकेची पानं तयार केली. जिओसिटीज नावाच्या कंपनीने अशा पानांना फुकट जागा दिली आणि लाखो लोकांनी तिथे घरं बांधली. कुणी प्रत्येक भागाचा सारांश लिहिला, कुणी नटनट्यांच्या याद्या केल्या, कुणी चुका दुरुस्त केल्या, कुणी भांडणं सोडवली. 'टीव्ही टोम' नावाचं संकेतस्थळ तर असंच उभं राहिलं. एकेका मालिकेची जबाबदारी एकेका स्वयंसेवकाने घ्यायची आणि तिचा भागवार तपशील भरत राहायचा. याच सुमाराला, १९९८ मध्ये, म्हणजे अकोल्यातून वाशीम वेगळा जिल्हा झाला त्याच वर्षी, दोन मैत्रिणी आणि त्यांचा एक सहकारी यांनी एका मालिकेची खिल्ली उडवणारं पान सुरू केलं. पुढे ते 'टेलिव्हिजन विदाउट पिटी' या नावाने गाजलं. तिथे सारांश लिहिणाऱ्यांना थोडेफार पैसे मिळत, पण रात्र रात्र जागून चर्चा करणारे हजारो वाचक फुकटच लिहीत होते. मराठी माणसांनी १९९६ मध्ये 'मायबोली' सुरू केली, तिथेही मालिकांची चिरफाड रंगू लागली.

हे सगळं रिकामटेकडेपणाचं होतं का? नायिकेने मारकुट्या नवऱ्याला माफ का केलं, नोकरी सोडणारी नेहमी तीच का, सासूलाही कधीकाळी कुणी छळलं असेल ते लेखकाला का दिसत नाही, असे प्रश्न बायका तिथे एकमेकींना विचारत होत्या. आपल्या शिबिरांत आपण गटचर्चा घेतो, तीच ही चर्चा. बोलावणं कुणी केलं नव्हतं, एवढाच फरक.

आणि ही रीत काही अमेरिकेने शोधलेली नाही. जात्यावर बसलेल्या आपल्या आज्या-पणज्यांनी रामायण जसंच्या तसं कधी गायलं? त्यांनी सीतेची बाजू घेतली, रामाला जाब विचारला, कथा आपल्या अंगणात आणली. हेमा राईरकर आणि गी प्वातवाँ यांनी पुण्यातून काम सुरू करून महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून जास्त ओव्या गोळा केल्या. २०१७ पासून 'पारी' हे संकेतस्थळ त्या प्रसिद्ध करत आलं आहे, ओवी सांगणारीच्या नाव-गावासकट. एरवी त्या ओव्या 'लोकांच्या' म्हणून निनावी राहिल्या असत्या.

आता पडझडीकडे येऊ. २००५ मध्ये सीनेट या कंपनीने 'टीव्ही टोम' विकत घेतलं आणि त्यातली माहिती आपल्या नव्या संकेतस्थळात नेली. २००८ मध्ये सीनेटलाच सीबीएसने विकत घेतलं. सीबीएस म्हणजे अमेरिकेतली बडी टीव्ही कंपनी. ज्या मालिकांसाठी चाहत्यांनी रात्री जागवल्या त्या दाखवणाऱ्यांच्याच हातात चाहत्यांची मेहनत गेली. 'टेलिव्हिजन विदाउट पिटी' २००७ मध्ये ब्राव्हो या वाहिनीने घेतलं. वाहिन्यांची टर उडवणारं संकेतस्थळ वाहिनीच्या मालकीचं झालं. वर्षभरात ते उभं करणारे बाहेर पडले आणि २०१४ मध्ये ते बंद झालं. जिओसिटीज याहूने १९९९ मध्ये सुमारे साडेतीन अब्ज डॉलरना घेतलं आणि ऑक्टोबर २००९ मध्ये कुलूप लावलं. काही हौशी मंडळींनी धावपळ करून जमेल तेवढी पानं वाचवली, बाकीची गेली. आपल्याकडे मालिकांच्या चाहत्यांचे गट ऑर्कुटवर जमले होते. तेही सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं.

प्रत्येक वेळी कारण वेगळं सांगितलं गेलं. जाहिराती मिळेनात, लोक फेसबुककडे गेले, खर्च परवडेना. कारणं खरीही असतील. पण सगळीकडे एक गोष्ट सारखी होती. ज्यांनी राबून ते उभं केलं त्यांना निर्णय झाल्यावर कळलं. त्यांना कुणी विचारलं नाही, कारण विचारायची गरजच नव्हती. कागदावर त्यांचं नाव नव्हतं.

विदर्भातल्या बाईला हे वेगळं समजावून सांगायला नको. निंदण, खुरपण, वेचणी तिने करायची. सोयाबीनचा पैसा कुणाच्या हातात येतो आणि सातबाऱ्यावर नाव कुणाचं असतं, हे तिला माहीत आहे. शेतकरी संघटनेने १९८९ नंतर 'लक्ष्मीमुक्ती'चा कार्यक्रम घेतला, बायकोच्या नावे जमीन करण्याचं आवाहन गावोगाव केलं. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये कायदा बदलून वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलासारखा हक्क दिला. एवढं होऊनही नाव लावताना किती जणींना 'हक्कसोड' लिहून द्यावं लागतं ते आपण पाहतोच. कष्ट आणि मालकी यांची ताटातूट शेतात होते तशीच ती संगणकाच्या पडद्यावरही झाली. फरक इतकाच की तिथे बाईला ते शेत आपलंच वाटत होतं.

'स्वयंसेवक' या शब्दाकडेही जरा नीट बघायला हवं. अमेरिका ऑनलाइन या कंपनीकडे हजारो स्वयंसेवक गप्पांचे कट्टे सांभाळत होते. मोबदला काय, तर फुकट इंटरनेट. १९९९ मध्ये त्यांच्यातले काही न्यायालयात गेले: आम्ही कामाच्या पाळ्या करतो, अहवाल देतो, मग आम्ही कामगार कसे नाही? २०१० मध्ये कंपनीने दीड कोटी डॉलर देऊन तडजोड केली. आपल्या गावची 'आशा स्वयंसेविका' हाच प्रश्न विचारते आहे. बाळंतिणीला रात्री दवाखान्यात पोचवते ती, सर्वेक्षण करते ती, आणि तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला. अंगणवाडी सेविकेला मिळतं ते मानधन. मान द्यायचा आणि धन कमी करायचं, असा त्या शब्दाचा खरा अर्थ. अंगणवाडी सेविकांना ग्रॅच्युइटीचा हक्क आहे, हे सर्वोच्च न्यायालयाला एप्रिल २०२२ मध्ये सांगावं लागलं. बाई जे आवडीने किंवा मायेने करते ते काम नसतं, ही समजूत सगळीकडे एकच आहे. सरकारही ती वापरतं आणि कंपनीही.

मग काय, बायकांनी फुकट काही करूच नये? तसं म्हटलं तर आपली चळवळच बंद पडेल. हे त्रैमासिक बंद पडेल. देणगीदाराच्या पैशावर सगळं चालवलं तर बोलणंही त्याच्या मर्जीने होतं, हा अनुभव आपल्याला नवा नाही. स्वयंसेवा ही आपली ताकद आहेच. प्रश्न पगाराचा नाही. आपल्या श्रमाची नोंद कुठे आहे आणि किल्ली कुणाकडे आहे, हा आहे.

याचं उत्तर चाहत्या बायकांनीच देऊन ठेवलंय. मालिकांतल्या पात्रांवर चाहते स्वतः कथा लिहितात. २००७ मध्ये फॅनलिब नावाच्या कंपनीने या कथांचा धंदा करायचं ठरवलं. कथा बायकांच्या, नफा कंपनीचा. तेव्हा लिहिणाऱ्यांमधल्या एकीने हाक दिली की आपलं स्वतःचं संग्रहालय हवं. व्हर्जिनिया वुल्फने स्त्रीसाठी स्वतःची खोली मागितली होती, तिचीच आठवण ठेवून त्याला 'आर्काइव्ह ऑफ अवर ओन' हे नाव मिळालं. पुढाकार घेणाऱ्यांत बहुतेक स्त्रिया होत्या. त्यांनी विनानफा संस्था नोंदवली, वर्गणी गोळा केली, प्रोग्रॅम स्वतः लिहिले, आणि मुख्य म्हणजे यंत्रं स्वतःच्या मालकीची घेतली. २००९ मध्ये ते खुलं झालं. जाहिराती नाहीत. कारभार निवडून आलेल्या मंडळाकडे. त्यांच्यातही थकवा आला, भांडणं झाली. २०१५ च्या निवडणुकीनंतर जुन्या मंडळातले सगळे एकदम पायउतार झाले. पण संस्था बुडाली नाही, कारण ती कुणा एकीच्या पाठीवर उभी नव्हती. २०१९ मध्ये तिला ह्यूगो हा विज्ञानकथांच्या जगातला मानाचा पुरस्कार मिळाला. फॅनलिब मात्र २००८ मध्येच गुंडाळलं गेलं.

पडझडीचा सगळा दोष कंपन्यांवर टाकूनही चालणार नाही. अनेक छोटी संकेतस्थळं कुणी विकत घेतली नाहीत, तरी संपली. सगळं एकीलाच माहीत होतं. तिचं बाळंतपण, नोकरी, आजारपण, घरच्यांची कुरकुर यांत ती थांबली, आणि तिच्याबरोबर सगळं थांबलं. 'तिच्याशिवाय काही चालत नाही' हे आपण कौतुकाने म्हणतो. खरं तर ती धोक्याची सूचना असते.

म्हणून मैत्रिणींनो, आपापल्या संघटनेकडे एकदा या नजरेने बघू. आपल्या गटाच्या व्हॉट्सॲपची सूत्रं कुणाच्या फोनवर आहेत? तो फोन तिचा की तिच्या मुलाचा? फेसबुकच्या पानाचा पासवर्ड किती जणींना ठाऊक आहे? वीस वर्षांचे फोटो, निवेदनं, पोलीस ठाण्याला दिलेल्या अर्जांच्या प्रती कुठल्या परक्या कंपनीच्या गोदामात पडून आहेत, आणि उद्या तिने कुलूप लावलं तर आपल्या हाती काय राहील? हे काम कुणी किती तास केलं, याची नोंद आहे का?

यावरचा उपाय वाशीम जिल्ह्यातल्या बचत गटाच्या बायकांना कुणी शिकवायला नको. बँकेतले पैसे एकीच्या सहीने निघत नाहीत, अध्यक्ष आणि सचिव दोघींची सही लागते. नोंदवही सगळ्यांसमोर वाचली जाते. पदाधिकारी बदलतात. पैशाला आपण हा नियम लावला, कारण पैसा मोलाचा असतो हे कळत होतं. आपलं लिहिणं, आपल्या आठवणी आणि आपले श्रम तेवढेच मोलाचे आहेत. त्यांनाही दोन सह्या हव्यात, कागदावरची एक प्रत हवी, जबाबदारीची पाळी हवी, आणि वहीत करणारीचं नाव हवं.

पुढच्या मासिक बैठकीत हा एक विषय घ्या. 'आपल्या कामाचा सातबारा कुणाच्या नावावर आहे?' असं विचारा. उत्तर एका वाक्यात देता आलं नाही, तर त्याच बैठकीत तो तयार करायला घ्या.